दोन फटक्यांची आघाडी आणि तिचा भाव

कोल्हापूर हे कुस्तीचे आणि फुटबॉलचे गाव. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे यांच्यामुळे नेमबाजीही इथल्या घरांत पोहोचली. गोल्फ मात्र अजून परकाच वाटतो. तरीही एप्रिल ते जुलै या महिन्यांत एखाद्या मोठ्या गोल्फ स्पर्धेचा रविवार आला की इथल्या तरुणांच्या मोबाइलवर एक यादी फिरू लागते. डावीकडे खेळाडूंची नावे आणि उजवीकडे २.००, ४.००, ८.०० असे आकडे. राजारामपुरीतल्या एका चहाच्या गाड्यावर आमच्या गल्लीतल्या एका मुलाने तशी यादी माझ्यासमोर धरली आणि विचारले, ‘काका, हा गडी दोन फटक्यांनी पुढं हाय, एकच फेरी राहिलीया, तरी शंभर लावलं तर दोनशे द्यायला लागल्यात. हे फुकटचंच पैसं झालं की!’

त्याचा प्रश्न रास्त होता आणि त्याच्या शेवटच्या वाक्यात सगळी गफलत होती. शेवटच्या फेरीला कोण जिंकण्याची शक्यता किती, हा एक प्रश्न आहे. त्या शक्यतेला लावलेला भाव चुकलेला आहे का, हा दुसरा. खेळ पाहणाऱ्याला पहिल्याचे उत्तर बऱ्यापैकी देता येते, पण पैजेतले पैसे जातात ते दुसऱ्यावर. हे दोन्ही प्रश्न एकमेकांपासून सोडवून पाहिल्याशिवाय त्या यादीचा अर्थ लागत नाही, म्हणून सुरुवात खेळापासूनच केलेली बरी.

आधी खेळाचा हिशेब

पुरुषांच्या व्यावसायिक गोल्फमध्ये चार स्पर्धांना ‘मेजर’ म्हणतात. एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनलच्या मैदानावर होणारी मास्टर्स, मे महिन्यातली पीजीए चॅम्पियनशिप, जूनमधली यूएस ओपन आणि जुलैत ब्रिटनच्या समुद्रकाठच्या मैदानांवर होणारी ओपन. ओपन ही यांतली सर्वांत जुनी, १८६० पासूनची.

मैदानावर अठरा होल असतात. होल म्हणजे चेंडू घालायचे छिद्र आणि तिथवरचा सगळा पट्टाही. प्रत्येक होलसाठी किती फटके अपेक्षित आहेत, याचा ठरलेला आकडा म्हणजे पार. पारपेक्षा एक फटका कमी लागला तर बर्डी, दोन कमी लागले तर ईगल. एक जास्त लागला तर बोगी, दोन जास्त लागले तर डबल बोगी. ज्याचे एकूण फटके सर्वांत कमी, तो विजेता.

स्पर्धा गुरुवार ते रविवार चार दिवस चालते, रोज अठरा होल, एकूण बहात्तर. दोन दिवसांनंतर मागे पडलेल्यांना वगळतात, त्याला कट म्हणतात. मास्टर्समध्ये पहिले पन्नास व त्यांच्या बरोबरीचे खेळाडू पुढे जातात, यूएस ओपनमध्ये साठ, उरलेल्या दोन स्पर्धांत सत्तर. रविवारी खेळाडू जोडीजोडीने निघतात, मागे असलेले सकाळी आणि आघाडीवरची जोडी सगळ्यांत शेवटी. ही शेवटची बाब साधी दिसते, पण तिच्यामुळे आघाडीवीर खेळायला निघतो तेव्हा त्याच्या पुढचे काही जण अर्धी फेरी संपवून बसलेले असतात. त्यांनी किती मजल मारली हे त्याला ठाऊक असते, आणि त्याने अजून एकही फटका मारलेला नसतो.

दोन फटक्यांची आघाडी म्हणजे नेमकी किती?

क्रिकेटमध्ये आघाडी घेतलेल्या संघाला प्रतिस्पर्ध्याची विकेट काढता येते. गोल्फमध्ये दुसऱ्याच्या खेळाला हात लावताच येत नाही. प्रत्येक जण मैदानाशी खेळतो आणि शेवटी आकडे शेजारी शेजारी ठेवले जातात. त्यामुळे आघाडी किती भक्कम, हे ठरते एका गोष्टीवर: चांगल्या खेळाडूचा एका दिवसाचा खेळ त्याच्या स्वतःच्या सरासरीपासून किती हलतो.

जगातल्या उत्तम खेळाडूचीही फेरी त्याच्या सरासरीच्या वर किंवा खाली दोन-तीन फटके जाणे ही रोजची बाब आहे. आज ६९, उद्या ७२, परवा ६७ असे आकडे येतात आणि त्यात कुणाला नवल वाटत नाही. आता दोन तुल्यबळ खेळाडू घ्या, एक दोन फटक्यांनी पुढे. दोघांचेही आकडे असेच हलणार असतील तर त्यांच्यातला फरक त्याहून जास्त हलतो. ढोबळ हिशेब केला तर पुढे असलेला त्या एकट्या प्रतिस्पर्ध्याच्या पुढेच राहण्याची शक्यता शंभरात सत्तरच्या आसपास येते. हे ठीक आहे, पण पाठलाग करणारा एकटा कधीच नसतो. समजा एक जण दोन फटक्यांनी मागे आहे, दुसरा तीन आणि आणखी तिघे चार-चार फटक्यांनी. यातला प्रत्येक जण स्वतंत्रपणे पाहिला तर मागेच राहण्याची शक्यता अधिक, पण पाचांपैकी एकाचा तरी दिवस उजाडेल याची शक्यता बरीच मोठी होते. हाच हिशेब पाचही जणांना धरून केला की आघाडीवीराची शक्यता पन्नासच्या किंचित खाली उतरते.

दोन फटक्यांच्या आघाडीचा भाव दोन का, याचे उत्तर निम्मे इथेच मिळते. शंभराला दोनशे देणारा माणूस चुकलेला नसतो. त्याने तोच हिशेब आपल्या आधी केलेला असतो.

इतिहासही हेच सांगतो. १९९६ च्या मास्टर्समध्ये ग्रेग नॉर्मन सहा फटक्यांची आघाडी घेऊन रविवारी उतरला, ७८ फटके खेळला, निक फाल्डोने ६७ केले आणि फाल्डो पाच फटक्यांनी जिंकला. एका दुपारीत अकरा फटक्यांची उलथापालथ झाली. १९९९ ची कार्नुस्टीची ओपन तर याहून विलक्षण. फ्रान्सचा जाँ व्हान द वेल्ड शेवटच्या होलला तीन फटक्यांची आघाडी घेऊन उभा होता. चार पारच्या त्या होलला सहा फटके लागले असते तरी करंडक त्याचाच होता. त्याचा चेंडू प्रेक्षकांच्या स्टँडवर आपटून उंच गवतात गेला, तिथून बॅरी बर्न नावाच्या ओढ्यात पडला, आणि बूट-मोजे काढून, पँट गुडघ्यापर्यंत वर सारून तो त्या पाण्यात उतरला. चेंडू तिथूनच मारावा का, याचा विचार करत तो कितीतरी वेळ उभा होता. अखेर दंडाचा फटका पत्करून त्याने चेंडू बाहेर घेतला, पुढचा फटका बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात गेला आणि होल सात फटक्यांत संपला. प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी सोडवण्यासाठी खेळल्या जाणाऱ्या जादा होलांमध्ये, जिंकला स्कॉटलंडचा पॉल लॉरी. रविवारी सकाळी तो दहा फटक्यांनी मागे होता. मेजरच्या शेवटच्या फेरीत एवढे अंतर भरून काढून जिंकणारा दुसरा कुणी झालेला नाही.

आणि २०२५ ची मास्टर्स अजून अनेकांच्या लक्षात असेल. आपल्याकडे मध्यरात्र उलटत असताना रोरी मॅकलरॉय दोन फटक्यांची आघाडी घेऊन निघाला आणि पहिल्याच होलला डबल बोगी करून ती गमावून बसला. दहाव्या होलनंतर तो पुन्हा चार फटक्यांनी पुढे होता. तेराव्या होलला सोपा वाटणारा फटका पाण्यात गेला आणि तीही आघाडी विरली. दरम्यान सकाळी सात फटक्यांनी मागे असलेला जस्टिन रोझ ६६ फटक्यांची फेरी संपवून थांबलेला होता. अठराव्या होलला जवळचा पट (छिद्राभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवरून, म्हणजे ग्रीनवरून मारायचा हलका फटका) हुकल्याने मॅकलरॉयला प्लेऑफ खेळावा लागला, तिथे बर्डी करून तो जिंकला आणि चारही मेजर जिंकणारा सहावा खेळाडू ठरला. यादीतल्या अव्वल नावावर पैसे लावणारा त्या रात्री जिंकला हे खरे. पण किती वेळा तो हरलेला होता, हेही पाहायला हवे.

दावेदार तोलायचे कसे?

गुणफलक फक्त एवढेच सांगतो की किती फटके लागले. ते फटके कुठे वाचले, हे तो सांगत नाही, आणि शेवटच्या फेरीचा अंदाज बांधताना तेच जास्त मोलाचे असते.

यासाठी आता ‘स्ट्रोक्स गेन्ड’ नावाचे माप वापरतात. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी ते विकसित केले आणि २०११ पासून अमेरिकेच्या पीजीए टूरने पटिंगसाठी ते अधिकृतपणे वापरायला सुरुवात केली. कल्पना सोपी आहे. आठ फुटांवरून व्यावसायिक खेळाडू साधारण निम्म्या वेळा एका फटक्यात चेंडू होलमध्ये घालतात, म्हणजे तिथून सरासरी दीड फटका लागतो. कुणी एका फटक्यात घातला तर त्याने अर्धा फटका कमावला, दोन लागले तर अर्धा गमावला. असाच हिशेब टीवरून मारलेल्या पहिल्या फटक्यापासून प्रत्येक फटक्याचा करता येतो. या मापातून एक गोष्ट पुढे आली जी पूर्वी कुणी फारशी मानत नव्हते: उत्तम खेळाडू आणि सामान्य व्यावसायिक यांच्यातला सुमारे दोन तृतीयांश फरक लांबच्या फटक्यांतून येतो, पटिंग आणि होलजवळच्या खेळातून उरलेला एक तृतीयांश.

पटिंग दिवसागणिक फार हलते. तीन दिवस वीस-वीस फुटांचे पट पडत गेले म्हणून चौथ्या दिवशीही पडतील असे नाही. ते खेळाडूच्या नेहमीच्या सरासरीकडे परततात. लांबचे फटके अचूक मारण्याची लय तुलनेने जास्त टिकते. म्हणून दोन खेळाडू एकाच आकड्यावर असतील, आणि एक जण ग्रीनवरच्या पटांमुळे तिथे पोहोचला असेल तर दुसरा लांबच्या अचूक फटक्यांमुळे, तर रविवारी दुसऱ्याचे पारडे मी जड मानतो. त्याचे पट फारसे पडले नसतील तर आणखीच, कारण त्याच्या वाट्याची भर अजून यायची आहे. माझ्या मते शनिवारी रात्री पाहण्यासारखा एकच तक्ता असेल तर तो हा.

मैदानाचा स्वभावही पाहावा लागतो. ऑगस्टाच्या शेवटच्या नऊ होलांत तेरावा आणि पंधरावा हे पाच पारचे होल धाडसी खेळाडूला दोन फटक्यांत ग्रीनवर पोहोचण्याचे आमिष दाखवतात आणि दोन्हीकडे वाटेत पाणी आहे. बारावा होल अवघ्या १५५ यार्डांचा, पण रेज क्रीकच्या पाण्याने तिथे मोठमोठ्यांचे करंडक गिळले आहेत. २०१६ मध्ये जॉर्डन स्पीथ नऊ होल उरले असताना पाच फटक्यांनी पुढे होता. बाराव्या होलला दोन चेंडू पाण्यात गेले, तीन पारच्या होलला सात फटके लागले आणि डॅनी विलेट जिंकला. अशा मैदानावर मागून येणाऱ्याला वाव असतो. याउलट यूएस ओपनचे आयोजक फेअरवे (ग्रीनपर्यंतचा कापलेल्या गवताचा पट्टा) अरुंद, रफ (त्याच्या कडेचे वाढलेले गवत) दाट आणि ग्रीन घट्ट ठेवतात. तिथे बर्डी दुर्मीळ, म्हणून मागून उसळी मारणे अवघड. पण आघाडीवीराचीही घसरण तितकीच सहज होते.

ओपनमध्ये वारा हाही एक खेळाडूच असतो. सकाळी शांत हवेत निघालेल्याने चांगला आकडा लावला आणि दुपारी समुद्रावरून वारा सुटला, तर मागे असलेला माणूस आत बसून इतरांची पडझड पाहतो. म्हणून रविवारचा हवामान अंदाज आणि निघण्याच्या वेळा एकत्र ठेवून वाचाव्या लागतात.

किती जण मागे आहेत, हा शेवटचा मुद्दा, आणि तो बहुतेक जण विसरतात. तीन फटक्यांची आघाडी आणि मागे दोघेच, ही एक परिस्थिती; तीच आघाडी आणि मागे चार फटक्यांच्या आत नऊ जण, ही अगदी वेगळी.

‘पण दडपणाला काही किंमत नाही का?’

आहे, पण आपण तिला देतो तेवढी नाही. २००९ पर्यंत टायगर वूड्स मेजरच्या शेवटच्या फेरीत आघाडीवर किंवा संयुक्त आघाडीवर उतरला तेव्हा चौदापैकी चौदा वेळा जिंकला होता. त्याचे पोलादी मन हे एक कारण नक्कीच, पण तो त्या काळी इतरांपेक्षा निर्विवाद चांगला खेळाडू होता, हे मोठे कारण. त्या वर्षीच्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये दक्षिण कोरियाच्या वाय. ई. यांगने दोन फटक्यांनी मागून येऊन त्याला हरवले, आणि आशियात जन्मलेला पहिला मेजर विजेता ठरला. एक दिवस सर्वांनाच येतो.

उलट बाजूने पाहा. २०११ च्या मास्टर्समध्ये चार फटक्यांची आघाडी असताना मॅकलरॉय ८० खेळला, तेव्हा तो दडपणात कोसळतो असे सगळीकडे छापून आले. दोनच महिन्यांनी त्याने यूएस ओपन आठ फटक्यांनी जिंकली. एका फेरीवरून माणसाच्या मनाचे प्रमाणपत्र लिहू नये, ते त्याच्यावर अन्याय करणारे असते. आपल्या अदिती अशोकने टोकियो ऑलिंपिकमध्ये तीन फेऱ्यांनंतर दुसरे स्थान राखले होते आणि शेवटी ती चौथी आली. पदकासाठीच्या प्लेऑफपासून ती एका फटक्याने दूर राहिली. त्या एका फटक्याला तिची हिंमत कमी पडली असे म्हणणारा माणूस गोल्फ पाहतच नाही.

भाव म्हणजे काय?

आता त्या यादीकडे येऊ. शाहू मार्केट यार्डातला गुळाचा सौदा ज्यांनी पाहिला आहे त्यांना भाव समजायला वेळ लागणार नाही. व्यापारी गुळाच्या रव्याचा, म्हणजे ढेपेचा रंग पाहतात, तुकडा तोंडात टाकतात, बोली चढत जाते आणि एका आकड्यावर थांबते. तो आकडा त्या दिवशी तिथे उभ्या असलेल्या सगळ्या जाणकारांच्या मताची बेरीज असते. आणि सौदा कुणालाही सुटो, अडत्याची अडत ठरलेली असते. पैजेच्या भावात या दोन्ही गोष्टी असतात: सगळ्या खेळणाऱ्यांचे एकत्रित मत आणि त्यावर बुकीची अडत. फरक एवढाच की सौद्यात अडत उघड असते आणि पैजेत ती भावाच्या आत मुरवलेली असते.

ती शोधायची रीत सोपी आहे. २.०० हा भाव म्हणजे शंभर लावले तर, मुद्दल धरून, दोनशे परत. शंभराला भावाने भागले की भावाच्या पोटातली शक्यता मिळते. आता एक काल्पनिक यादी घेऊ. आघाडीवीर २.००, म्हणजे ५० टक्के. दुसरा ४.००, म्हणजे २५. तिसरा ८.००, म्हणजे साडेबारा. चौथा १०.००, म्हणजे १०. बाकी सगळे मिळून ८.००, म्हणजे पुन्हा साडेबारा. बेरीज करा. ११० येते.

कुणीतरी एकच जिंकणार असताना शक्यतांची बेरीज शंभरच असायला हवी. वरचे दहा ही बुकीची अडत. समजा लोकांनी आघाडीवीरावर ५०,००० रुपये लावले, दुसऱ्यावर २५,०००, तिसऱ्यावर १२,५००, चौथ्यावर १०,००० आणि बाकीच्यांवर १२,५००. गोळा झाले १,१०,०००. आता कुणीही जिंकू दे, बुकीला द्यावे लागतात बरोबर १,००,०००. पन्नास हजारांची दुप्पट लाख, पंचवीस हजारांची चौपट लाख, दहा हजारांची दसपट लाख. त्याचे दहा हजार नॉर्मन बुडाल्यावरही सुटतात आणि मॅकलरॉय तरल्यावरही. प्रत्यक्षात पैसे इतके नेमके विभागले जात नाहीत, पण भाव वरखाली करून तो ते तिथपर्यंत आणण्याचा प्रयत्न करत राहतो.

म्हणजे त्या यादीत आघाडीवीराची खरी शक्यता पन्नास नव्हे, पन्नास भागिले एकशे दहा, अशी साडेपंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास. अशा भावाने दर वेळी शंभर रुपये लावत गेलात तर सरासरी एक्क्याण्णव परत येतात. मधूनमधून दोनशे हातात पडतात, म्हणून नऊ रुपयांची गळती जाणवत नाही, आणि माणूस खेळत राहतो तो त्यामुळेच.

‘मला खेळ कळतो, मग मी का जिंकणार नाही?’

खेळ कळणे ही अट आवश्यक आहे, पुरेशी नाही. तुम्ही शनिवारी रात्री बसून शोधले की तिसऱ्या क्रमांकावरचा खेळाडू लांबचे फटके अचूक मारतो आहे. हे खरे आणि हुशारीचेही आहे. पण तोच तक्ता परदेशी कंपन्यांच्या गणितज्ञांसमोरही आहे, आणि भाव ठरवताना त्यांनी तो धरलेला आहे. तुम्हाला फायदा होईल तो बाजाराला न कळलेले काही कळले तरच, आणि तेही अडतीचे नऊ-दहा टक्के भरून निघतील एवढे. हे जगात अगदीच थोड्यांना जमते. ज्यांना जमते त्यांच्या पैजेची मर्यादा कमी करणे ही तिकडच्या अनेक कंपन्यांची उघड रीत आहे. हरणाऱ्यावर अशी मर्यादा आल्याचे फारसे ऐकू येत नाही.

मोठ्या भावांचे आकर्षण तर फारच फसवे. दहा-वीस रुपयांत चारशे-पाचशे मिळतील म्हणून मुले यादीच्या तळाचे नाव उचलतात. घोड्यांच्या शर्यतींवरच्या अभ्यासांत हे वारंवार दिसले आहे की लांबच्या नावांवर पैसे लावणाऱ्यांचे नुकसान प्रमाणाने अधिक होते, कारण लोक अशा नावांवर हौसेने पैसे टाकतात आणि भाव खऱ्या शक्यतेपेक्षा तोकडा होतो. लोकप्रिय नावांचेही तसेच.

सामना चालू असताना लावायच्या पैजा आणखी वाईट. तुमच्या पडद्यावरचे चित्र मैदानापेक्षा काही सेकंद मागे असते. चेंडू पाण्यात पडल्याचे तुम्हाला दिसते तेव्हा भाव आधीच बदललेला असतो. आणि बदललेला नसेल, तर तो का बदलला नाही हे समोरच्याला ठाऊक असते.

‘गोल्फ तर कौशल्याचा खेळ, मग त्यावरची पैज जुगार कशी?’

खेळणारा कौशल्याने खेळतो. पैज लावणारा दुसऱ्याच्या निकालावर पैसे लावतो. तरीही या वादाला आपल्याकडे आधार होता. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत कौशल्याचा खेळ मानली होती, आणि त्या धर्तीवर अनेक ऑनलाइन कंपन्या आपली बाजू मांडत असत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा जो कायदा संमत केला, त्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांपुरता हा वादच निकालात काढला: कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून ऑनलाइन खेळ चालवता येणार नाही. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे आणि पन्नास लाखांपर्यंत दंड अशा तरतुदी त्यात आहेत. या कायद्याचा रोख खेळणाऱ्यावर नाही, चालवणाऱ्यावर आहे. मात्र महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहेच.

याहून व्यवहारातली गोष्ट अशी की भारतीय करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार मुळातच शून्य असतो. जिंकलेले पैसे समोरच्याने दिले नाहीत तर न्यायालयात दावा लावता येत नाही. जो ॲप परवान्याशिवाय चालतो, ज्याचा पत्ता ठाऊक नाही, आणि जो पैसे कुठल्या तरी त्रयस्थ माणसाच्या यूपीआय खात्यावर मागतो, त्याच्या यादीतला भाव दोन असला काय किंवा वीस असला काय, तो मिळेलच याची हमी कोण देणार? वर सांगितलेला सगळा हिशेब पैसे खात्रीने मिळतात असे धरून केला होता. ती खात्री काढून घेतली की नऊ रुपयांची गळती कितीवर जाईल हे सांगता येत नाही.

‘ब्रिटनमध्ये तर चालते’ असे कुणी म्हणेल. चालते, कारण तिथे २००५ च्या कायद्याखाली परवाना देणारा आयोग आहे आणि कंपन्या त्याला उत्तरदायी आहेत. अमेरिकेत २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर राज्याराज्यांनी आपापले नियम केले. पैसे मिळतील एवढी खात्री त्यांनी दिली आहे. अडत तिथेही कापली जातेच. आणि ज्याला हे सुटत नाही, ज्याच्या घरात त्यावरून रात्री भांडणे होऊ लागली आहेत, त्याच्यासाठी सरकारची टेलि-मानस ही मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर आहे. तिथे बोलण्यात लाज वाटण्यासारखे काहीही नाही.

‘मग भाव बघायचेच कशाला?’

कारण पैसे न लावता वाचले तर ते उत्तम समालोचन असते. समालोचक आघाडीवीराला विजेता म्हणू लागला असताना भावाच्या पोटातली शक्यता पंचेचाळीसच्या आसपास असेल, तर खेळ अजून निम्माही ठरलेला नाही हे तुम्हाला कळते. पाच फटक्यांनी मागचा खेळाडू तीन फटक्यांनी मागच्यापेक्षा चढा मानला गेला असेल, तर शोध घ्यावा की त्याच्या लांबच्या फटक्यांत काय दिसले आहे, किंवा तो वारा सुटण्याआधी निघणार आहे का. शनिवारी रात्री आपला अंदाज टक्क्यांत कागदावर लिहावा, बेरीज शंभरच येते ना हे तपासावे, आणि बाजाराच्या आकड्यांतून अडत काढून दोन्ही शेजारी ठेवावेत. चारही मेजर असे पाहिले की आपण आघाडीला नेहमी जास्त मोजतो की कमी, हे आपोआप दिसू लागते. बहुतेक जण जास्त मोजतात.

नव्याने पाहणाऱ्याने सुरुवात जुलैच्या ओपनपासून करावी. मास्टर्सचा निकाल आपल्याकडे सोमवारी पहाटे लागतो. ओपनची शेवटची फेरी प्लेऑफ झाला नाही तर रविवारी रात्री मध्यरात्रीच्या आत संपते. दुपारी चारच्या सुमारास टीव्ही लावला तर आघाडीच्या जोड्या निघण्याआधीचा बराच खेळ पाहायला मिळतो. तेव्हाच पहिल्या काही होलांवर वाऱ्याने निशाण कुठल्या बाजूला ओढले आहे ते पाहून ठेवावे आणि संध्याकाळी शेवटची जोडी त्याच होलांवर पोहोचली की पुन्हा पाहावे.